माणसं गुन्हे का करतात? गरिबी हेच खरं कारण ना?

पोट भरलेलं असलं की कोण कशाला चोरी करेल, असं तुम्ही विचारलंय. समाजशास्त्र शिकायला लागलो तेव्हा माझंही हेच मत होतं. ते डळमळलं एडविन सदरलँड वाचल्यावर. १९३९ साली त्यांनी 'पांढरपेशी गुन्हेगारी' ही कल्पना मांडली. कंपन्यांचे बडे अधिकारी हिशेबात लबाडी करतात, ती कुठल्या भुकेपोटी? सदरलँड म्हणतात, गुन्हा जवळच्या माणसांत राहून शिकला जातो. कुलूप कसं तोडायचं हे तर शिकायचंच, पण ते तोडण्यात काही वावगं नाही, हेही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, दुसरं काय!

मला स्वतःला यातला 'वावगं नाही' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साइक्स आणि मात्झा यांनी १९५७ मध्ये दाखवलं की गुन्हा करणाऱ्या पोरांना बरं-वाईट चांगलं कळतं. फक्त त्या वेळेपुरती पळवाट तयार असते: त्याचं असं काय मोठं नुकसान झालं, त्याची तीच लायकी होती, पोलीस तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत, दोस्तासाठी करावं लागलं. हीच वाक्यं तुम्ही कर चुकवणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकली असतील.

गरिबीचा काहीच संबंध नाही, असं मात्र नाही. शॉ आणि मॅके यांनी शिकागोतल्या बालगुन्हेगारीच्या अनेक दशकांच्या नोंदी नकाशावर मांडल्या. शहराच्या मध्याजवळच्या पडक्या, गरीब वस्त्यांत प्रमाण कायम जास्त. गंमत म्हणजे तिथली माणसं बदलत होती. एका देशातून आलेले स्थलांतरित बाहेर पडत, दुसऱ्या देशातले येत, तरी वस्तीचा आकडा तसाच राही. म्हणजे दोष रक्तात नव्हता. जिथे कुणी टिकतच नाही, तिथे दुसऱ्याच्या पोराला हटकणार कोण?

मर्टन यांचा १९३८ चा मुद्दा वेगळा आहे. श्रीमंतीचं स्वप्न सगळ्यांना सारखंच दाखवायचं आणि तिथे पोचायच्या वाटा मोजक्यांनाच द्यायच्या, की उरलेल्यांतले काही आडवाट धरतात. त्यांच्या लेखी नुसत्या गरिबीपेक्षा ही तफावत जास्त घातक.

बेकर यांचा 'शिक्का' सिद्धांत मला अर्धाच पटतो. एकदा गुन्हेगार म्हणून शिक्का बसला की सरळ वाटा बंद होतात, हे खरं. पण त्यातून दुसरा गुन्हा जितका उलगडतो तितका पहिला उलगडत नाही.

हर्शी यांनी १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला: बहुतेक लोक गुन्हा का करत नाहीत? कारण घर, नोकरी, नाती असं गमावण्यासारखं काहीतरी असतं. याचा मला पटलेला पुरावा बॉस्टनचा. तिथल्या, सुधारगृहांत ठेवलेल्या ५०० मुलांची माहिती ग्लूक दांपत्याने जमवली होती. पुढे सॅम्पसन आणि लॉब यांनी ती पुन्हा तपासली, त्यांच्यातल्या काहींना सत्तरीच्या आसपास गाठून मुलाखतीही घेतल्या. एव्हाना बहुतेकांची गुन्हेगारी सुटलेली होती. कुणाला टिकाऊ नोकरी लागली होती, कुणाचा संसार जमला होता, कुणी सैन्यात गेला होता.