पोरीला आजाराचं नाव सांगा

वहिनी, बाबांच्या आजाराबद्दल पोरीला सांगावं का, असं तुम्ही विचारलंत. आठ वर्षांच्या पोरीला काही कळत नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. ‘बापाशीक भायरचा लागलाहा’ (बापाला बाहेरची बाधा झालीय) हे वाडीत तिने ऐकलेलं असणारच. त्यापेक्षा तुम्हीच नाव सांगा: बायपोलर, मनःस्थिती टोकाची वरखाली होण्याचा आजार. कधी बाबा रात्र रात्र झोपत नाहीत, भरमसाट बोलतात, पैसे उधळतात. कधी अंथरुणातून उठवत नाही. आणि हे तुझ्या मस्तीमुळे झालेलं नाही, असं पुन्हा पुन्हा सांगा. मुलं न बोलता दोष स्वतःवर घेतात. बोलायला तिचे बाबा बरे असतील तो दिवस निवडा, जमलं तर त्यांनाच बोलू द्या.

देवाला गाऱ्हाणं घालायचं तर खुशाल घाला, पण लिथियम (या आजारावरचं औषध) आणि त्याची रक्ततपासणी चुकवू नका. गोळ्यांवर पहारा मात्र पोरीकडे नको (आपल्याकडे सर्रास देतात). बाबा चिडले तर कुठल्या काकूकडे जायचं, एवढं तिला ठाऊक हवं.

‘मलाही होईल?’ असं ती कधीतरी विचारेल. शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण होईलच असं नाही, हेच खरं उत्तर.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय लांब पडत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, फुकट बोलता येतं. घरच्यांनीही करावा फोन.