ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी करतोय. चार फुटांच्या ओट्यावर शेगडी आणि सिंक कोणतं बसवावं?

दोघांसाठी असेल तर एकच बर्नर, पण गॅसचा. इंडक्शन दिसायला सुटसुटीत, पण १५०० वॉटचं इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरच्या वर खेचतं. १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं, तर वीसेक मिनिटांत खेळ खलास. कॅम्पसाइटवर वीज मिळणार असेल तरच जोडीला ठेवा.

सिलिंडर ५ किलोचा घ्या, इंडियन ऑइलचा ‘छोटू’ काही पेट्रोल पंपांवरही मिळतो. तो उभाच बांधायचा, आणि त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. वरची खिडकी उघडी ठेवून भागत नाही. गॅस डिटेक्टरसुद्धा जमिनीलगत लावा. काचेच्या टॉपची शेगडी नको, घाटात खडखडून जीव नकोसा होतो. ज्योतीला वारा लागू नये म्हणून शेगडी सरकत्या दारापासून लांब बसवा, पडदा जवळ नको.

सिंक घेताना दुकानात घरचा कुकर घेऊन जा, लाजू नका. तो आत आडवा फिरला पाहिजे. स्टीलचं, सात-आठ इंच खोल घ्या; उथळ सिंकमधलं पाणी भांडी घासताना थेट गादीवर. वर बसणारा लाकडी पाट करून घेतला की कणीक मळायला जागा झाली.

सांडपाण्याला खाली २० लिटरचा कॅन पुरतो. नळाला विजेच्या मोटारीऐवजी पायपंप लावा, पाणी कमी लागतं.