वारा गार लागला तरी ऊन भाजतेच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मे महिन्यात दापोलीला माहेरी आले आहे. दुपारी किनाऱ्यावर गार वारा होता, मुले दोन तास पाण्यात होती. घरून निघताना सनस्क्रीन लावले होते, तरी रात्री खांदे लालभडक. क्रीम खराब होते का?

उत्तर : क्रीमपेक्षा वेळ आणि मात्रा चुकली असण्याची शक्यता जास्त. उन्हात त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, उष्णतेने नव्हे. खाऱ्या वाऱ्यावर अंग गार लागते, किरण मात्र तेवढेच येत राहतात. अर्धा मीटर खोल पाण्यातही त्यांतले सुमारे ४० टक्के पोचतात आणि कोरडी वाळू सुमारे १५ टक्के परत अंगावर फेकते.

मे महिन्यात कोकणात सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो. मालवणला शून्य सावलीचा दिवस पहिल्या आठवड्यात असतो, अलिबागला महिन्याच्या मध्याला. आणि घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे माध्यान्ह झालेली नसते, ती साडेबाराच्या पुढेमागे होते. त्यामुळे ‘एक वाजला, आता ऊन उतरेल’ म्हणून मुलांना सोडले की नेमके कडक ऊन लागते. सोपी खूण अशी : सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड असेल, म्हणजे साधारण साडेनऊ ते साडेतीन, तोवर किनाऱ्यावर जाऊ नये.

आता क्रीम. एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा डबीवरचा आकडा) ३० असलेले क्रीम भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, ५० असलेले सुमारे ९८. महागड्या आकड्यापेक्षा मात्रा महत्त्वाची. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला सुमारे ३० मिली लागते, म्हणजे सहा लहान चमचे. ५० मिलीची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ती कमी लावली जाते आहे, हे नक्की. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी व मधले बोट यांवर पूर्ण लांबीची एकेक रेघ काढावी. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारे) आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ (पाण्यात काही वेळ टिकणारे) हे दोन्ही शब्द पाहून घ्या. उन्हात जाण्याच्या १५-२० मिनिटे आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा, आणि मुलांना पाण्यातून काढून टॉवेलने पुसले की लगेच पुन्हा. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहून जातो. पाण्यात खेळणाऱ्या मुलांना मात्र पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्टच घालावा. तो पुसला जात नाही.

लाल झालेल्या खांद्यांवर १०-१५ मिनिटे गार पाण्याचा कपडा ठेवा, मग साधे मॉइश्चरायझर लावा. बर्फ थेट लावू नका, फोड फोडू नका, लिंबू किंवा टूथपेस्ट तर नकोच. ताप, उलटी, चक्कर किंवा मोठे फोड आले तर डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचे आहे. सासूबाई खोबरेल तेल लावून त्याला अंगणात उन्हात निजवतात. चालेल?

उत्तर : मालिश जरूर करा, पण सावलीत. खोबरेल तेलावर उन्हापासून बचावासाठी भरवसा ठेवता येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनही लावत नाहीत. त्याच्यासाठी सावली, सैल सुती झबले आणि कडा असलेली टोपी. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी डॉक्टर थेंब देतात, ते रोज न चुकता द्या. सासूबाईंनाही हेच सांगा : थेंब दिले की उन्हात निजवायची गरज उरत नाही.

प्रश्न : लग्नघरी मागीलदारी बसून लिंबे पिळली. दोन दिवसांनी हातावर ओघळ गेल्यासारखे लाल पट्टे उठले, आता ते काळे पडलेत. चीक लागला का?

उत्तर : ओघळाचा आकार आणि दोन दिवसांचा उशीर पाहता हे लिंबाचे काम दिसते. लिंबाच्या सालीत आणि रसात असे पदार्थ असतात जे त्वचेवर राहून ऊन लागले की भाजतात. आंब्याच्या देठाचा चीक किंवा काजूच्या टरफलातले तेल यांना मात्र ऊन लागत नाही, ते सावलीतही पोळतात. तिन्हींवर पहिला उपाय एकच, साबणाने लगेच धुणे. काळे डाग बहुधा आपोआप फिके होतात, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर हात झाकून ठेवा. चेहरा उजळायला लिंबू चोळून बाहेर पडणे याच कारणाने महागात पडते.

प्रश्न : वडील होडीवर जातात. पुढे झाप असलेली टोपी घालतात, क्रीम लावणार नाहीत. रक्तदाबाची गोळीही चालू आहे. काय करावे?

उत्तर : मग भर कपड्यावर द्या. त्या टोपीने फक्त कपाळ झाकले जाते, कान आणि मान उघडीच राहते. टोपीखालून मानेवर येईल असा पंचा बांधू द्या, किंवा चहूबाजूंनी सात-आठ सेंमी कड असलेली टोपी आणा. शर्ट पूर्ण बाह्यांचा, गडद आणि घट्ट विणीचा हवा. कापड उजेडासमोर धरून पाहा, आरपार दिसले तर किरणही जातात. पातळ पांढरा सुती शर्ट भिजला की आणखी कमी अडवतो. यूव्ही ४०० (अतिनील किरण अडवणारा) लिहिलेला गॉगल घ्या, कारण वर्षानुवर्षे उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत मांस वाढते.

गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का, ते पाकिटावर पाहा. या औषधाने त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी) दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनही तशीच. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना त्यांचे काम सांगून विचारा. आणि चेहऱ्यावर किंवा ओठावर महिनाभर न भरणारी जखम दिसली, तर ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.