फोटोतला शिपाई कोणता? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो मिळाला. फेटा बांधलेला हवालदार, छातीवर दोन गोल पदके. मागे काही लिहिलेले नाही. हे पणजोबांचे थोरले भाऊ, १९१६ साली बसऱ्याकडे (आजच्या इराकमध्ये) लढाईत वारले, असे घरात सांगतात. खात्री कशी करावी?

तुम्ही पाठवलेली प्रत भिंगाखाली पाहिली आणि घरची आठवण नेमकी पदकांपाशीच अडली. डावीकडचे पदक फितीला आडव्या दांडीने लटकले आहे, तर दुसरे साध्या गोल कडीने, आणि त्या दुसऱ्यावर पंख पसरून उभी असलेली स्त्री ओळखू येते. ही पहिल्या महायुद्धाची ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल अशी जोडी आहे. दोन्ही पदके १९१९ साली, म्हणजे लढाई थांबल्यावर सुरू झाली आणि प्रत्यक्ष हातात पडायला त्यानंतरही बराच काळ गेला. तेव्हा १९१६ मध्ये वारलेला माणूस ती लावून फोटोला उभा राहणे शक्य नाही. वारलेल्याची पदके घरच्या माणसाने लावली असतील असेही म्हणता येईल, पण दुसऱ्याची पदके उजव्या छातीवर लावण्याचा लष्करी रिवाज आहे आणि येथे ती डावीकडे आहेत. फोटो उलटा छापलेला नाही हे कोटाच्या गुंड्यांवरून कळते, कारण डावा पदर उजव्यावर आलेला आहे.

म्हणजे हा परत आलेला माणूस आहे. कदाचित तुमचे पणजोबाच. बाहीवरच्या तीन पट्ट्या हवालदाराच्या, हे तुम्ही बरोबर ओळखले. आता खांद्यावरची पितळी अक्षरे मोठी करून पाहा. मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे तीन आकडी क्रमांक १९०३ ते १९२२ या काळातच होते. १९२२ च्या फेररचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या, म्हणून तीन आकडी क्रमांक दिसला तर गणवेश त्याआधीचा समजावा. ११० वी पलटण असेल तर आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याची शक्यताही तपासावी लागेल, कारण १०३ आणि ११७ यांच्याबरोबर तीही तिथे अडकली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने शरणागती पत्करली.

थोरल्या भावांचा शोध मात्र स्वतंत्रपणे घ्या. युद्धात वारलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी विनामूल्य पाहता येते. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणीखाली केवळ त्यांची संख्या कोरली गेली, ही गोष्ट मला आजही खटकते. नावे नोंदवहीत आहेत. शोधताना इंग्रजी स्पेलिंगवर भरवसा ठेवू नका. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिल्यामुळे जाधवांचे ‘जाधाओ’ आणि पवारांचे ‘पोवार’ झालेले दिसते, आणि आपल्याकडे तर पोवार हे वेगळे आडनावही आहे.

प्रश्न : आजोबांच्या रंगीत फोटोत कोट हिरवा आहे. रायफल पलटणींचा गणवेश हिरवा असे म्हणतात, मग ते रायफल पलटणीत होते का?

तो रंग छायाचित्रणाचा नसून स्टुडिओतल्या रंगाऱ्याचा आहे. कलापूर म्हणवणाऱ्या कोल्हापुरात कुंचला चालवणाऱ्या हातांची वाण कधीच नव्हती आणि कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरून देणे हा चालता धंदा होता. रंगाऱ्याने गिऱ्हाइकाला आवडेल तो रंग दिला असणार. मूळ कृष्णधवल प्रत असली तरी छटेवरून पदकाच्या फितीचा रंग ठरवू नका. निगेटिव्हच्या जुन्या काचा तांबड्या रंगाला संवेदनशील नसल्याने तांबडे जवळजवळ काळे आणि निळे फिकट उमटत असे.

प्रश्न : शिरोळकडच्या आमच्या घरी पदके आहेत, फोटोही आहे, पण दोन्ही एकाच माणसाचे की नाही ते कळत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक बोटांत धरून कडा उजेडाकडे तिरपी फिरवा, अक्षरे वाचता येतील. कृपा करून चिंचेने किंवा ब्रासोने घासू नका. दसऱ्याच्या दसऱ्याला चकाकवलेल्या एका पदकावर मला नंबराचे शेवटचे दोन आकडे तेवढे वाचता आले होते. कडेवरची पलटण आणि फोटोतल्या खांद्यावरची पलटण जुळली, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबरासह पत्र लिहा. नुसत्या नावावर चौकशी केल्यास एकाच नावाची चार माणसे निघतात, आणि सैनिक टाकळीसारख्या गावात तर त्याहून जास्त.

प्रश्न : खाकी गणवेश आहे, पण बिल्ला कुठेच दिसत नाही.

मग तो शिपाई आहे असे गृहीत धरू नका. संस्थानी कोल्हापुरात पोलीस आणि दरबारची इतर नोकरमंडळीही गणवेशात असत. राजाराम रायफल्स ही संस्थानची स्वतःची पलटणही होती. १९४९ च्या विलीनीकरणानंतर ती मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. संस्थानच्या नोकरीचा माग कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात काढावा. फोटो चौकटीच्या काचेला चिकटला असेल तर तो सोडवण्याचा प्रयत्न करू नका, काचेवरूनच तिरप्या उजेडात त्याचा फोटो घ्या, आणि जे नक्की कळले तेवढेच पुठ्ठ्याच्या मागे शिसपेन्सिलीने लिहून ठेवा.