अंगण अठरा फुटांचं, झाड एकच

प्रश्न : पंढरपूरला आम्ही नवं घर बांधलं. घर पश्चिममुखी, पुढे १८ फूट अंगण, मग कंपाउंड आणि रस्ता. जमीन काळी. अंगणात एकच झाड मावेल. यांना केशर आंबा हवा आहे, मला सावलीसाठी कडुनिंब. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर पुढच्या खोलीत बसवत नाही आणि रात्री झोपेपर्यंत भिंत गरम लागते. सासूबाई म्हणतात, बोर नाहीतर सीताफळ लावा. कमी पाण्यावर येतं, फळही मिळेल आणि सावलीही. काय लावावं?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : ताई, तिघांच्या वादात मध्ये पडायचं म्हणजे कुणाचा तरी रोष आलाच. विचारलंय, तर स्पष्ट सांगतो.

सासूबाईंचं पाण्याबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं. आपल्या जिल्ह्यात बोर आणि सीताफळ जेवढ्या पाण्यावर निभावून नेतात, तेवढ्यावर आंबा काय, पेरूही तग धरत नाही. पण तुमची तक्रार उन्हाळ्याची आहे. बोराची छाटणीच मुळी एप्रिल-मेमध्ये होते, मागे नुसते खुंट राहतात. छाटलं नाही तरी उन्हाळ्यात बोर पानं टाकतंच. सीताफळ थंडी सरता सरता पानं गाळायला लागतं आणि वळवाच्या पावसापर्यंत उघडंबोडकं असतं. तुमची भिंत तापते नेमकी तेव्हाच ही दोघं रजेवर. नर्सरीत झाड सावली देतं का म्हणून विचारलं, तर कुणीही मान डोलावेल. मे महिन्यात दुपारी चार वाजता देतं का, ते विचारायचं.

आता उन्हाचा हिशेब. १० मेच्या आसपास पंढरपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. साडेबाराच्या सुमारास झाडाची सावली त्याच्याच बुंध्याशी गोळा होते, त्यामुळे अंगणातलं झाड भर दुपारी तुमचा स्लॅब थंड करेल ही आशा सोडा. स्लॅबला उन्हाळ्याच्या तोंडावर पांढरा चुना मारा, पुष्कळ फरक पडतो. झाडाची ड्यूटी तीननंतरची. चार वाजता सावली झाडाच्या उंचीच्या साधारण सव्वापट लांब जाते. भिंतीपासून ११ फुटांवर १५-१६ फूट उंचीचं दाट झाड असेल, तर चारच्या सुमारास भिंतीचा खालचा अर्धा भाग झाकला जाईल आणि पाचला सगळी भिंत. नऊ इंची विटांची भिंत संध्याकाळचं ऊन पिऊन घेते आणि रात्री खोलीत सोडते; तुमची झोप मोडते ती त्यामुळे. अजून एक. मे महिन्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणून खड्डा खिडकीच्या नाकासमोर नको, दोन-तीन फूट उत्तरेला घ्या.

कडुनिंब या हिशेबात वेळापत्रकापुरता पास होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, पाडव्याला चटणीपुरती कोवळी पालवी आणि मोहोर, मे उजाडेपर्यंत झाड भरलेलं. पाण्याची कटकट दोन उन्हाळ्यांपुरती, पुढे तो आपलं आपण बघतो. मला स्वतःला या मुलखात कडुनिंबासारखं झाड नाही. पण तो चाळीस-पन्नास फूट वाढतो आणि जवळपास तेवढाच पसरतो. तुमचं अंगण १८ फुटांचं. त्यात जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पायाजवळ एवढं मोठं झाड मुळांनी ओल ओढायला लागलं की ही आकुंचनं-फुगणी वाढते आणि मग भिंतीला तिरक्या चिरा दिसायला लागतात. दरवर्षी छाटून लहान ठेवू म्हणाल, तर कडुनिंब छाटलेल्या प्रत्येक टोकाला झुपकेभर फुटवे काढून सूड उगवतो. आणि पुढे झाड नकोसं झालं तरी नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय पाडता येत नाही, अंगण तुमच्या मालकीचं असलं तरी. तुमच्या ले-आउटमध्ये खुली जागा सोडली असेल, तर कडुनिंब तिथे लावा आणि दोन उन्हाळे बादलीने पाणी घाला.

म्हणून कौल आंब्याला. हे वाक्य यजमानांना लगेच वाचून दाखवू नका, पुढचं त्यांना फारसं आवडणार नाही. आंबा लावायचा, पण वाढवायचा सावलीच्या झाडासारखा.

बागेत केशराला जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर फांद्या सोडतात. फळ हाताशी यावं, फवारा शेंड्यापर्यंत पोचावा, हा त्यामागचा विचार. तसं झाड अंगणात केलंत, तर त्याखाली खुर्ची सोडा, कोंबडीसुद्धा वाकून जाईल. तुम्हाला सात फूट मोकळा बुंधा हवा. पहिली दोन-तीन वर्षं मधला शेंडा बांबूला बांधून सरळ वर चढवा. बाजूचे फुटवे एका दमात सोलून काढू नका, त्यांची पानं खोड जाड करतात. अंगठ्याएवढे झाले की खालून एकेक काढत जा. डोक्याच्या वर गेल्यावर चार बाजूंना चार फांद्या सोडा. मग दरवर्षी फळ उतरलं की जूनमध्ये शेंड्याकडून छाटा आणि उंची १६ फुटांच्या आसपास राखा. आंबा ही छाटणी निमूट सोसतो. याचा परिणाम असा की फळ हाताने तोडता येणार नाही, झेला लागेल, आणि बागेतल्या झाडाइतके आंबे धरणार नाहीत.

पाण्यावरून खरा वाद पुढेच होणार आहे. मोहोर यायला आंब्याला ताण लागतो. नवरात्रानंतर पाणी तोडायचं आणि फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत द्यायचं नाही. तुम्ही मात्र सावलीत बसायचं म्हणून खाली मोगरा लावणार, हिरवळ करणार, रोज संध्याकाळी पाइप सोडणार. मग झाड भर थंडीत पालवी काढत बसेल आणि मोहोर दिसेल तो शेजारच्या झाडावर. सावलीच्या दृष्टीने हे उत्तमच, पण यजमानांना आधी सांगून ठेवा. कुणी कल्टार नावाचं औषध घालून बघा म्हणेल. घालू नका. ते झाडाची वाढ आखडून मोहोर काढतं, आणि तुम्हाला वाढच हवी आहे.

आंब्याखाली बसण्याचीही एक बाजू आहे, ती नर्सरीवाला सांगत नाही. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे आले की वरून बारीक चिकटा गळतो. सकाळी स्कूटरच्या सीटवर हात ठेवला तर बोटं चिकटतात, आठवड्याने त्याच चिकट्यावर काजळी धरते आणि फरशी काळपट दिसायला लागते. घरासमोर फवारे मारत बसू नये असं माझं मत. फेब्रुवारी-मार्चपुरती गाडी दुसरीकडे लावा आणि फरशी धुऊन घ्या. झाड रस्त्यापासून सात फुटांवर असणार, म्हणजे कैऱ्यांसाठी पोरांचे दगड येणारच. खिडकीच्या काचेला जाळी बसवून घ्या.

लावणीचं थोडक्यात. आपल्याकडे भरवशाचा पाऊस उशिराचा, त्यामुळे घाई नको. आषाढी वारी आटोपली की लावा. तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा. निघालेल्या काळ्या मातीत मुरूम आणि भरपूर शेणखत मिसळून भरा आणि वर वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा, काळ्या रानात बुंध्याशी पाणी साचलं की आंबा पिवळा पडतो. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी सोडवा आणि जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा खुडा. तो रायवळ असतो, जोरात वाढतो, आणि लक्ष नसलं तर केशर मरून रायवळच मोठा होतो. पहिली तीन वर्षं आलेला मोहोर काढून टाका. धुण्याचं साबणाचं पाणी झाडाला सोडू नका. काळी माती त्याने घट्ट होते, पाणी मुरत नाही. भिंतीवर सावली पडायला सहा-सात वर्षं धरा, तोवर खिडकीला वाळ्याचा पडदा.

सासूबाईंना सीताफळ हवंच असेल, तर मागच्या बाजूला जागा असल्यास लावून द्या. गणपतीपासून दिवाळीपर्यंत फळं खातील आणि उन्हाळ्यात त्याच्या उघड्या फांद्यांवर कुरडया वाळवता येतील.

प्रश्न : आमच्या दारात वडिलांनी लावलेला मोठा गुलमोहर आहे. दरवर्षी वादळी पावसात एखादी फांदी मोडते. तो काढून त्या जागी चिकू लावावा का? की आधी गुलमोहराखालीच चिकू लावून तो मोठा झाल्यावर गुलमोहर काढावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गुलमोहराखाली चिकू लावू नका. चिकूला दिवसभर ऊन लागतं, सावलीत तो जगेल पण फळ धरणार नाही. आणि गुलमोहर पुढे पाडाल तेव्हा तो पडणार चिकूवरच.

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, तेव्हा घराच्या नाहीतर विजेच्या तारांच्या बाजूची जड फांदी परवानगी घेऊन पावसाआधी जाणत्या माणसाकडून हलकी करून घ्या. झाड मूळ धरून असेल, बुंध्याशी माती उचललेली किंवा भुसा पडलेला दिसत नसेल, तर सगळं पाडायची गरज नाही. माती उचललेली दिसली तर मात्र पावसाळ्याची वाट बघू नका.

चिकूला अंगणातली दुसरी उन्हाची जागा शोधा. कालीपत्ती जात घ्या, खिरणीच्या रोपावर बांधलेलं कलम मागा. वाढ इतकी सावकाश की पहिली पाच वर्षं तुम्ही मला शिव्या द्याल. पण चिकू बाराही महिने हिरवा राहतो, एप्रिलमध्येही, जेव्हा गुलमोहराला नुसत्या शेंगा लटकत असतात.