वाचकांचे प्रश्न: सुक्याबरोबर ओलंही जळतं

प्रश्न: सिव्हिल वॉर सिनेमा बघितला, मग मित्राकडून कॉमिकही आणून वाचलं. सुपरहिरोंनी सरकारच्या ताब्यात काम करावं की नाही यात नाही म्हणणारा कॅप्टन अमेरिका बरोबर की हो म्हणणारा आयर्न मॅन, यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं चालू आहेत. मला मात्र वेगळंच वाटत राहतं, की ही मंडळी एकमेकांना बिल्डिंगींवर आपटतात तेव्हा आत राहणाऱ्यांचं काय? त्यांच्या बाजूने कुणी लिहिलंय का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: भाऊ, लिहिलंय, आणि माझ्या मते सुपरहिरो कॉमिक्समधलं सगळ्यात चांगलं लिखाण तेच आहे.

सिव्हिल वॉर २००६-०७ मध्ये आलं. त्याची सुरुवातच आठव ना, रिअॅलिटी शोसाठी शूटिंग करत करत काही तरुण हिरो अमेरिकेतल्या स्टॅमफर्ड गावात व्हिलन पकडायला जातात, त्यातला नायट्रो स्वतःचा स्फोट करतो आणि शेजारच्या शाळेतल्या मुलांसकट सहाशेच्या वर माणसं जातात. पण दोन-चार पानांत गोष्ट पुन्हा हिरोंकडे वळते. म्हणून त्याच्यासोबत निघालेली फ्रंट लाइन ही ११ अंकांची मालिका वाच, पॉल जेंकिन्सने लिहिलेली. त्यात बेन युरिक आणि सॅली फ्लॉइड हे दोन पत्रकार रस्त्यावरून हे युद्ध बघतात. शेवटी आयर्न मॅनने पडद्याआड काय काय केलं ते दोघांना कळतं आणि तरी ते छापत नाहीत. मला हे अजिबात पटलेलं नाही, ज्या लोकांची घरं गेली त्यांना ते कळायलाच हवं होतं. सॅली कॅप्टन अमेरिकाला सुनावते तो प्रसंगही फसलाय. पण मधले अंक जरूर वाच.

आणि मूळ मालिकेचा सातवा अंक पुन्हा काढ. कॅप्टन अमेरिका आयर्न मॅनवर शेवटचा घाव घालणार इतक्यात कोण धावून येतं? कुठला हिरो नाही, फायर ब्रिगेडवाले, अॅम्ब्युलन्सवाले, साधी माणसं त्याच्यावर झडप घालून त्याला धरून ठेवतात. तो म्हणतो सोडा, मला तुम्हाला इजा करायची नाहीये, तेव्हा ते त्याच्यावरच उखडतात, आणि मग तो मान वळवून जळणारं शहर बघतो, मास्क काढतो, शरण जातो. तुमच्या ग्रुपमधल्या भांडणाचं उत्तर मला तरी त्या पानावर मिळालं.

पण एकच घ्यायचं असेल तर मार्व्हल्स घे. १९९४ चं, चार अंक, लेखक कर्ट ब्युसिएक आणि चित्रं अॅलेक्स रॉसची, अक्षरशः पेंटिंग केलेली. नायक फिल शेल्डन, प्रेस फोटोग्राफर. समुद्राखालच्या राज्यातला नेमॉर आणि अंगाला आग लावून उडणारा ह्युमन टॉर्च यांची न्यूयॉर्कवर जुंपलेली असते, हा खालून फोटो काढत असतो, वरून ढिगाऱ्याचा तुकडा येतो आणि याचा एक डोळा जातो. वर लढणाऱ्यांना पत्ताही नाही. जवळपास सगळं पुस्तक असं फुटपाथवरून, मान वर करून बघितल्यासारखं आहे. पुढे ग्रहच्या ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येतो, जग बुडतंय म्हणून लोक रस्त्यावर प्रार्थना करतात, फिल जीव मुठीत धरून बायकोमुलींकडे धावतो, आणि वाचल्यावर काही दिवसांत तेच लोक म्हणायला लागतात की सगळा बनाव होता. ज्यांनी वाचवलं त्यांच्यावरच संशय! फिल चिडतो ते वाचताना माझंही रक्त उसळतं.

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तिला यातलं काही देऊ का?
(एक आई, बेळगाव)

उत्तर: ताई, फ्रंट लाइन अजून दोन-तीन वर्षं नको. मार्व्हल्स द्या, पण सोबत बसून वाचा, चौथ्या अंकात स्पायडरमॅनच्या मैत्रिणीचा, ग्वेन स्टेसीचा मृत्यू आहे. दुसरा अंक मात्र तिने वाचायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. म्युटंट, म्हणजे जन्मतःच वेगळ्या शक्ती असलेल्या लोकांवर चिडलेल्या जमावात फिलही असतो, तोही वीट उचलून मारतो, आपला चांगला, सरळमार्गी फिल. आणि थोड्याच दिवसांत त्याला कळतं की त्याच्याच मुलींनी तळघरात एक छोटी म्युटंट मुलगी लपवून ठेवलीये, मॅगी नावाची, मोठ्ठे डोळे, वाळलेला चेहरा. तिला घालवून देणं त्याच्याने होत नाही. पुढे जमाव गल्लीत आल्यावर या घरावर संकट नको म्हणून ती पोरगीच चिठ्ठी लिहून निघून जाते, आणि फिलच्या मुली तिला हाका मारत राहतात.