व्हेनिसनंतर दोन दिवस उरतात, त्रिएस्तेला जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे की, मे महिन्यात व्हेनिस झाल्यावर दोन दिवस हाताशी आहेत, सोबत शाकाहारी आई आहेत, तर त्रिएस्ते करावं की आणखी एखादं ‘नावाजलेलं’ शहर. माझं मत विचाराल तर त्रिएस्ते. फक्त तिथे इटली शोधू नका, हिरमोड होईल.

माझा नवरा तिथल्या आयसीटीपीत, म्हणजे अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या भौतिकशास्त्राच्या केंद्रात, तीन महिने होता. मी बिनकामाची सोबत. तो फळ्यासमोर आणि मी शहरभर, अशी आमची वाटणी.

व्हेनिसहून आगगाडीने साधारण दोन तास लागतात. उजवीकडची खिडकी पकडा, शेवटी शेवटी खाली समुद्र दिसतो. स्टेशनातून चालतच कानाल ग्रांदेवर या. व्हेनिसचा बघून आल्यावर हा कालवा म्हणजे गंमतच वाटेल, एवढासा. पण त्याच्या टोकाला कॅथलिकांचं सांत आंतोनिओ चर्च, बाजूला निळ्या घुमटांचं सर्बियन ऑर्थोडॉक्स सान स्पिरिदिओने, समुद्राकडे ग्रीकांचं सान निकोलो आणि थोडं आत ज्यूंचं १९१२ सालचं भलंमोठं सिनेगॉग. १३८२ पासून १९१८ पर्यंत हे गाव ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याचं होतं. १७१९ मध्ये सहाव्या चार्ल्सने बंदर करमुक्त केलं, तेव्हा व्यापारी आले आणि येताना आपापले देव घेऊन आले. मुंबईकराला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. (वाटेत पुलावर टोपी घातलेला, चालत असलेला आयरिश लेखक जेम्स जॉइस दिसेल, म्हणजे त्याचा पुतळा. तो इथे बरीच वर्षं राहिला. फोटो काढा, पुढे व्हा.)

पियात्सा उनिता या मुख्य चौकाला तीन बाजूंनी राजवाड्यासारख्या इमारती आणि चौथ्या बाजूला थेट समुद्र. त्यातली एक इमारत लॉइड त्रिएस्तिनो या जहाज कंपनीची होती. तिच्या बोटी मुंबईला येत. दुसऱ्या गोलमेज परिषदेनंतर, डिसेंबर १९३१ मध्ये, गांधीजी ब्रिंडिसीहून परतले ते याच कंपनीच्या ‘पिल्स्ना’ बोटीने. मला हे कळलं तेव्हा मी त्या इमारतीसमोर उगाचच दोनदा जाऊन आले.

याच चौकात सप्टेंबर १९३८ मध्ये मुसोलिनीने ज्यूंविरुद्धच्या वंशकायद्यांची घोषणा केली. त्याआधी, १९२० मध्ये, इथल्या स्लोव्हेन (शेजारच्या स्लोव्हेनियाची भाषा बोलणाऱ्या) लोकांचं नारोदनी दोम हे केंद्र फॅसिस्टांनी जाळलं होतं. ती वास्तू त्या समाजाला परत देण्याच्या करारावर बरोबर शंभर वर्षांनी सही झाली. ‘सगळे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते’ असं माहितीपत्रक हातात पडलं तर रिझिएरा दी सान सब्बा बघून या. ही भाताची गिरणी. नाझींनी तिची छळछावणी केली आणि आवारात माणसं जाळायची भट्टी बांधली. तिथून आल्यावर मला रात्री जेवण गेलं नाही, म्हणून जेवून मग जा.

आता खाणं. कॉफीपासून सुरुवात, कारण इथे कॉफीची भाषाच वेगळी. मी पहिल्या दिवशी ऐटीत कापुचिनो मागितली आणि बाहुलीच्या भातुकलीतला कप समोर आला. इथे एस्प्रेसोला ‘नेरो’ म्हणतात, थोडं दूध घातलेल्या छोट्या कॉफीला ‘कापो’ आणि तीच काचेच्या ग्लासात हवी असेल तर ‘कापो इन बी’. आपल्याला हवी ती मोठी कापुचिनो म्हणजे इथली ‘काफेलात्ते’. प्यायला १९१४ सालच्या काफे सान मार्कोमध्ये बसा. आतच पुस्तकांचं दुकान आहे, कोणी उठवत नाही.

जेवणात व्हिएन्नाचा हात स्पष्ट दिसतो. ‘बुफे’ नावाच्या खाणावळीत उकडलेलं डुकराचं मांस, आंबवलेला कोबी आणि वर क्रेन नावाचं किसलेलं मूळ. हे फेसलेल्या मोहरीसारखं नाकात चढतं. तुमच्या आईंसाठी यात काही नाही. योता हे राजमा, बटाटा आणि आंबट कोबीचं दाट सूप चालेलसं वाटतं, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, म्हणून ‘सेन्त्सा कार्ने’, म्हणजे बिनमांसाचं, असं विचारूनच मागवा. त्यांना खायला घाला ते न्योकी दी सुसीने. बटाट्याच्या पारीत अख्खं आलुबुखार, उकडून लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवलेलं, वर साखर-दालचिनी. मला तर मोदकाचा दूरचा भाऊच वाटला. पिठात अंडं असतं, तेवढं आधी सांगा. आणि ते जेवणाच्या सुरुवातीला आणून ठेवतात, गोंधळू नका.

दुसरा दिवस अर्धा मिरामारेला द्या, ६ नंबरची बस जाते. किल्ला आतून भरगच्च आहे, मला बागच जास्त आवडली. संध्याकाळी मात्र मागच्या कार्सो पठारावर जा, जिथे गावांच्या पाट्या इटालियन आणि स्लोव्हेन अशा दोन्ही भाषांत आहेत. तिथे शेतकरी वर्षातले ठरावीक दिवस आपल्या अंगणात घरची वाइन, चीज, अंडी, हॅम विकतात. याला ‘ओस्मित्सा’ म्हणतात. १७८४ च्या हाब्सबर्ग फर्मानापासूनची ही सवलत आणि नाव स्लोव्हेन ‘आठ’वरून, कारण मुळात आठच दिवसांची परवानगी असे. रस्त्याच्या कडेला पानांची डहाळी टांगलेली दिसली की वळायचं. आज कुणाचं अंगण उघडं आहे, हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. रोख पैसे ठेवा.

आणि ऊन असेल तर आईंना पेदोचीनला न्या. १९०३ पासूनचा हा समुद्रकिनारा, मधोमध भिंत, एकीकडे बायका आणि दुसरीकडे पुरुष. तिकीट एका युरोच्या आसपास. स्थानिक आज्या पत्ते कुटत ऊन खात असतात. फक्त खोलीची किल्ली कोणाकडे राहणार हे भिंतीच्या अलीकडेच ठरवा. आमची पलीकडे गेली होती आणि नवरा तिकडे झोपला होता.